गिधाडांची चहाडी

हे मी आजवर कुणापुढेच बोललेले नाही. आमचे हे गेले त्याच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, तुझं काही सांगायचं राहिलंय का? आता मरणाऱ्या माणसानं असं का विचारावं? त्यांना काही ठाऊक होतं, की उगाच? मी घाबरले. चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं आणि म्हटलं, काही नाही, पडा शांत. म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही ना माझ्या माहेरचे, ना सासरचे, त्यामुळे त्यातल्या त्यात सोपं.

सोपं म्हणते खरी, पण सुरुवात कुठून करू? गिधाडांपासून करते.

आमचं गाव गोरेगावहून सेनगावकडे जाताना आत वळल्यावर लागतं. तेव्हा जिल्हा परभणी होता. ओढ्यापलीकडे गायरान, आणि गावातलं मेलेलं ढोर तिथं नेऊन टाकायचे. गायरानातल्या बाभळींवर गिधाडं बसलेली असायची, उघड्या माना खांद्यात खुपसून. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांना इतकं खायला मिळालं होतं, की उडायच्या आधी त्यांना धावावं लागे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, ती हायत म्हणून गावाला वास न्हाई. मी मात्र त्या बाजूला बघतसुद्धा नसे. मी मुळातच भित्री. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, आत्याबाईंच्या — माझ्या सासूबाईंच्या — खोकल्यालाही भ्यायची.

आणि सगळ्यात जास्त कशाला भ्यायची, सांगू? परत पाठवतील याला. माझी थोरली बहीण सासरहून परत आलेली होती. तांब्या-पितळेसकट. माझ्या लग्नात वडील मला म्हणाले होते, बाई, तू तरी नांद. त्या एका वाक्याचं ओझं मी आल्या दिवसापासून डोक्यावर वागवत होते. काटकसर करायची, शब्द खाली पडू द्यायचा नाही, कुणी नाव ठेवायला जागा ठेवायची नाही.

दुष्काळ सरला आणि एक-दोन वर्षांत आमच्याकडे हायब्रीड कपाशी आली. बोंडं मोठी, आणि अळीही तशीच. मग अळी मारायला एंड्रीन आलं. आमचे हे पाठीवर पंप घेऊन फवारून यायचे, तेव्हा अंगाला असा वास असायचा, की त्यांचे कपडे मी काठीनं उचलायची. औषध यायचं पत्र्याच्या डब्यांत, आणि रिकामा डबा कुणी फेकत नसे. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी तुळस लावी, कुणी परसाकडला न्यायला वापरी. चांगला जाड पत्रा, फेकायचा कसा?

आमच्या दुभत्या म्हशीला रोज सरकी भिजवून घालायचं काम माझं. म्हैस आत्याबाईंच्या माहेरची, त्यांच्या लाडाची. सरकी भिजवायच्या घमेल्याला भोक पडलं. नवं मागायचं, तर आत्याबाई खोकणार. मी रिकामा डबा घेतला, वरचा पत्रा कापून घेतला, राखेनं तीनतीनदा घासला. डब्यावर कवटी होती आणि खाली दोन हाडं. मी सातवी पास. कवटीचा अर्थ कळायला सातवीही लागत नाही. घासून झाल्यावर डबा नाकाशी धरला — वास होता. थोडा होता, पण होता. मी मनाशी म्हटलं, म्हशीला कुठं कळतंय? आणि सरकी त्यात भिजत घातली.

त्याच वेळी शेवंता मागच्या दारी आली. बौद्धवाड्यातली, किसनची बायको. आमच्या शेतात निंदायला, वेचायला यायची आणि संध्याकाळी मागच्या दारी ज्वारी घेऊन जायची. माझ्याहून थोडी मोठी. त्या घरात माझ्याशी हसून बोलणारी तीच एक होती, हेही सांगून टाकते. मला दिवस राहिले होते आणि गेले, तेव्हा आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. तिनंच शेतात मला बांधावर बसवलं आणि माझी निंदायची पात स्वतः काढली. तर ती डब्याकडे बघून म्हणाली, "डबा चांगला हाय वैनी. पुढचा रिकामा झाला तर माह्यासाठी ठिवा, पाणी भरायला व्हईल." मी हो म्हटलं. आम्हा दोघींनाही काही कळत नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. पण वास मी घेतला होता. तिनं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हशीनं ती सरकी खाल्ली. दिवस कलायच्या आत तिला थरकाप सुटला. तोंडाला फेस, डोळे पांढरे, पाय झाडत गोठ्यातच पडली. धार काढायच्या आधीच गेली — नाहीतर ते दूध जाऊबाईंचं लेकरू प्यालं असतं. हा विचार मला तेव्हा आला नाही. नंतर आला, आणि अजूनही येतो. तेव्हा एवढंच सुचलं, की उरलेली सरकी उकिरड्यावर नेऊन टाकावी आणि डबा कडब्याच्या गंजीत खुपसावा. घरात सगळे म्हणाले, फऱ्या रोग झाला असेल. आत्याबाई रडत होत्या. मीही रडले. माझं रडणं बघून त्या म्हणाल्या, पोरीचा जीव होता म्हशीवर.

सकाळी उकिरड्यावर शेण टाकायला गेले, तर तिथं चिमण्या मरून पडलेल्या. चिमण्या, दोन साळुंक्या, एक होला. कुणी पाठीवर, कुणी चोच शेणात. कुणाला दिसायच्या आत त्या ओच्यात भरल्या आणि परसात खड्डा करून पुरल्या. त्यांचं वजन काहीच नव्हतं हो. मातीनं माखलेले हात धुताना मला पक्कं कळलं, म्हैस कशानं मेली ते. म्हणजे पुढे जे झालं ते मी अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

तिकडे मामंजींनी बौद्धवाड्यात निरोप धाडला, ढोर ओढून न्या. तिथल्या लोकांनी ते काम कधीच सोडलं होतं. मामंजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण जुनी खोड. किसन स्वतः येऊन, हात जोडून, पण ताठ उभा राहून सांगून गेला, की ते काम आता आम्ही करत नाही. शेवटी आमच्याच माणसांनी बैलजोडी लावून म्हैस ओढत गायरानात नेली. सगळ्या गावानं बघितलं. मामंजी जेवले नाहीत.

गिधाडं उतरली. नेहमीसारखीच भांडत, पंख आपटत. आणि मग एकेक करून ती बसल्या जागीच राहिली. गुराख्यांनी येऊन सांगितलं, तेव्हा गावच लोटलं. बायका ओढ्याच्या अलीकडून बघत होत्या, त्यांत मीही. काही माना जमिनीला टेकवून बसली होती. काही पंख पसरून उडायला धावत होती आणि तोंडावर पडत होती. एक माझ्या डोळ्यांदेखत बाभळीवरून खाली आलं, पिकलेलं फळ यावं तसं. घारी, कावळे, गावातली कुत्रीही मेली. चिमण्या ओच्यात मावल्या होत्या. ही एवढाली गिधाडं मी कुठल्या ओच्यात लपवू?

पहिल्यांदा कुणी म्हणालं करणी. मग कुणीतरी शहाण्यानं हिशेब मांडला: ज्यानं खाल्लं ते मेलं, म्हणजे म्हशीच्या अंगात विष होतं. फऱ्या नव्हता. कुणीतरी घातलं. म्हैस मुक्यानं गेली होती, पण गिधाडांनी चहाडी केली. आणि कुणी घातलं, हे शोधायला गावाला फार वेळ लागला नाही. ढोर ओढायला कोण नाही म्हणालं? ताठ कोण उभा राहिला? त्याचा नकार म्हैस मेल्यावरचा आणि विष त्याच्या आधीचं, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. मी भाकरी थापत राहिले.

किसनला गावातल्या पोरांनी ओढ्यात गाठून मारलं. हात मोडला. शेवंता तशीच आमच्या अंगणात आली, पायरीच्या खाली उभी राहिली. ओसरीवर मामंजी, आमचे हे, गावातली चार मोठी माणसं. ती म्हणाली, "म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. वैनीनं फवाऱ्याच्या डब्यात सरकी भिजू घातली व्हती. वैनीलाच इचारा."

मला बोलावलं. मामंजींनी विचारलं, "सूनबाई, त्या डब्यात सरकी भिजू घातली व्हती का?"

मी म्हणाले, न्हाई.

आजवर मी स्वतःला हे असं सांगत आले: मी दाराआड होते, पदर नाकापर्यंत, पाय लटपटत होते, डोळ्यांपुढे वडील दिसत होते आणि तोंडातून तो शब्द आपोआप निसटला. भ्यालेली पोर, दुसरं काय करणार? बरं वाटतं असं सांगायला.

पुढचं थोडक्यात सांगते. त्यांना काम बंद झालं. गिरणीवाला दळून देईना, दुकानदार मीठ देईना. त्यांचा मुलगा गोरेगावच्या शाळेत जायचा, त्याला वाटेत अडवायचे. एके दिवशी ते भांडीकुंडी घेऊन एसटीत बसले आणि गेले. कुणी म्हणालं सेनगावला, कुणी नांदेडला. किसनचा हात सरळ बसला नाही, असं एकदा बाजारात कानावर आलं. मी तेवढं ऐकलं आणि पुढे चालू लागले. माझं नांदणं चांगलं झालं. मुलं झाली, सुना आल्या. आत्याबाई शेवटपर्यंत सांगत, माझी धाकटी सून खोटं बोलायची नाही.

गिधाडं पुढे कमी होत गेली. नंतर तर आभाळ रिकामंच झालं. नातवानं मला मोबाईलवर वाचून दाखवलं, की ढोरांना द्यायच्या कुठल्याशा दुखण्याच्या औषधानं ती देशभर मेली. मला हायसं वाटलं. तुम्हाला पटतं का? एवढी पाखरं नाहीशी झाली आणि मला हायसं वाटलं, का तर ती सगळी माझ्यामुळे नव्हती. आमच्या गायरानातली मात्र माझ्या डब्यानं मेली. उकिरड्यावरच्या चिमण्याही. उन्हाळ्यात चिमण्यांसाठी अंगणात पाण्याचं भांडं ठेवते, भरायच्या आधी ते नाकाशी धरून बघते, अजून.

आता राहिलेलं सांगते. हेच खरं सांगायचं होतं, आणि एवढा वेळ मी त्याच्या भोवती फिरत बसले.

मी दाराआड नव्हते. न्हाई मी दोनदा म्हणाले. पहिल्यांदा खाली बघून. शेवंता पायरीखालून म्हणाली, "माह्याकडं पाहून सांगा, वैनी." मी चार पावलं पुढे उंबऱ्याबाहेर आले. पदर मागे सारला. तिच्या डोळ्यांत बघितलं. तिला वाटत होतं मी खरं सांगेन. तिच्या तोंडावर तसं स्पष्ट दिसत होतं. आणि मी दुसऱ्यांदा म्हणाले, न्हाई. आवाज कापला नाही.

मी जन्मभर भित्री, हे खरं आहे. पण त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. तिच्या शब्दापुढे माझाच शब्द चालणार, हे मला ठाऊक होतं.