आज आशीर्वाद बंद

मेळ्याच्या दारावरच्या पोरीने मनगटाला पिवळी पट्टी बांधली आणि विसिंगचं डोकं फिरलं. पिवळी पट्टी सोबत आलेल्यांची. पोरांना आत सोडायचं, त्यांच्या पिशव्या सांभाळायच्या आणि पंख्याखाली मांडलेल्या खुर्च्यांवर संध्याकाळपर्यंत डुलक्या काढायच्या, अशा आयाआज्यांची.

"लोला, तुमची नातवंडं पुढे गेली का?" पोरीने विचारलं.

आता बोला. बाईच्या पाठीला मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे दोन पंख. पंखांवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या कापून एकेक करून शिवलेली पिसं. तोंडाला काजळ, कपाळावर वीतभर चोच. एवढं सोंग समोर उभं असताना त्या पोरीला दिसली ती लोला, म्हणजे आजीच.

विसिंगने पट्टी दातांनी तोडली. "नातवंडं सकाळीच खाल्ली मी," ती म्हणाली. "मी खेळायला आलेय. लाल पट्टी आण."

पोरगी खुदकन हसली, किती गोड आहे ही लोला असं शेजारणीला म्हणाली आणि सवयीने विसिंगचा हात धरून कपाळाला लावायला वाकली. आमच्याकडे हे पोराला चालता येण्याआधी शिकवतात. मोठं माणूस दिसलं की मानो घ्यायचा, म्हणजे त्याचा हात आपल्या कपाळाला टेकवायचा आणि आशीर्वाद मिळवायचा. चोरसुद्धा घरातून निघताना आजीचा मानो घेऊन निघतो.

विसिंगने दोन्ही हात पाठीमागे नेले. "आज आशीर्वाद बंद आहे," ती म्हणाली.

मागे तिची मुलगी लिगाया उभी होती. चाळिशीतली, बँकेत नोकरीला, स्वभावाने सोशिक. तिने मुकाट्याने पिवळी पट्टी बांधून घेतली होती आणि तिच्या हातात आईचा टॉवेल, पाण्याची बाटली आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. "नानाय," ती आईला हळूच म्हणाली, "शिंगं मोडून वासरांत शिरायचंच आहे, तर निदान वासरांना शिंगं दाखवू नकोस."

विसिंगने ऐकलं आणि सोडून दिलं. लिगाया कधी याच्यापेक्षा मोठ्याने बोलत नसे.

पासाय शहरात समुद्राकाठच्या त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये दरवर्षी हा मेळा भरतो. सिनेमाचे वेडे, चित्रकथांचे वेडे, खेळांचे वेडे, सगळे आपापल्या देवाचं रूप घेऊन येतात. कोणाच्या खांद्यावर फोमची तलवार, कोणाला कापडी शेपटी, कोणी चित्रकाराच्या टेबलाशी सहीसाठी ताटकळलेला, कोणी कोपऱ्यात बसून तुटलेलं चिलखत गरम गोंदाने चिकटवतोय. तिथे तुला कोणी विचारत नाही की तू कोण आहेस. विचारतात ते, तू कोण झालायस. विसिंगला मेळ्याची हीच गोष्ट आवडायची आणि नेमकी हीच तिच्या वाट्याला येत नव्हती.

ती झाली होती राणी उवाक. उवाक म्हणजे कावळा. विसिंग लहान असताना मालाबोनला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं. तिथे दोरीवर वाळत घातल्यासारखी चित्रकथांची पुस्तकं टांगलेली असत. चार-दोन सेंटाव्हो टाकायचे आणि बाकावर बसून वाचायचं, पुस्तक घरी न्यायचं नाही. त्यातल्या एका कथेत पांढऱ्या झग्यातली एक सुशील नायिका होती आणि तिच्या जिवावर उठलेली ही कावळ्यांची राणी. बाकावरच्या पोरी नायिकेसाठी रडायच्या. विसिंगला ती मुळीच आवडली नाही. नायिकेचं शेवटी लग्न झालं आणि ती गायब झाली. राणी उवाक मात्र दर अंकात मरायची आणि पुढच्या अंकात पंख झटकून उभी राहायची. कोणाचं भलं करायची नाही, कोणासाठी थांबायची नाही. विसिंगला वाटायचं, बाईने असावं तर असं.

आणि वाट्याला काय आलं? मे महिन्याच्या मिरवणुकीत देखण्या पोरी राण्या होऊन चालायच्या आणि विसिंग त्यांच्या डोक्यावरची फुलांची कमान धरून उन्हात चालायची. नवरा बोटीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. मग पाच वर्षांच्या लिगायाला आपल्या आईच्या ओटीत टाकून विसिंग हाँगकाँगला घरकामाला गेली. वीस वर्षं तिने दुसऱ्यांची मुलं वाढवली. मालकाच्या मुलीला असल्याच मेळ्यांचं वेड होतं. तिचे पोशाख विसिंग रात्र रात्र शिवायची, तिला मेळ्याला न्यायची आणि पालकांच्या खुर्चीवर तिची बॅग मांडीत घेऊन बसायची. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं की एक दिवस या खुर्चीवरून उठायचं.

परदेशात राबणाऱ्यांना आमचं सरकार वीर म्हणतं. विमानतळावर त्यांच्यासाठी फलक असतो, चर्चमध्ये पाद्री त्यांचं नाव घेतो. लिगाया सात वर्षांची असताना नाताळला विसिंगला सुट्टी मिळाली नाही. तिच्याऐवजी साबण, चॉकलेट आणि बूट भरलेला मोठा खोका आला. लिगायाने खोक्याला लाथ मारली, तेव्हा तिच्या आजीने तिच्या तोंडावर हात दाबला. तुझी आई तुझ्यासाठी झिजतेय, आणि तू तिच्यावर रागावतेस? त्यानंतर लिगाया रागावली नाही. शाळेत ती आईवर निबंध लिहायची आणि बक्षिसं मिळवायची. विसिंग परत आली तेव्हा तिला एक शहाणी, आदबशीर, अनोळखी बाई विमानतळावर घ्यायला आली. तिने आईचा हात कपाळाला लावला. दोघी एका घरात राहू लागल्या आणि आजवर त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. शेजारीपाजारी कौतुक करतात. विसिंगला मात्र ते घर चर्चसारखं वाटतं, पावलांचा आवाज न करता हळू चालावं असं.

तर मेळा. त्याच्या शेवटच्या दिवशी नायक-खलनायकांचा सामना असतो. जमिनीवर लाल चिकटपट्टीचं रिंगण आखतात. एक नायक, एक खलनायक, हातात फोमची शस्त्रं. ज्याचं पाऊल रिंगणाबाहेर पडलं तो बाद. पण खरी गंमत प्रेक्षकांची. नायकाला टाळ्या मिळतात आणि खलनायकाची हुर्यो उडते. ज्याची हुर्यो सगळ्यात मोठी, त्याचं नाव पोरं वर्षभर काढतात. हरला तरी बेहत्तर, हुर्यो कमावली पाहिजे.

गेल्या वर्षी विसिंग रिंगणात उतरली, तर समोरच्या पोरीने तलवार टाकून तिला मिठीच मारली. सगळा हॉल एका सुरात "ऑऽऽ" म्हणाला. तान्हं बाळ जांभई देतं तेव्हा लोक काढतात तसला आवाज. वर तिला 'सर्वांची लाडकी' अशी रेशमी पट्टी दिली. घरी आल्यावर तिने त्या पट्टीने शेगडी पुसली. लिगाया म्हणाली की नानाय, आता पुरे, दगदग सोसत नाही तुला, लोकांना तू आवडतेस हे काय कमी आहे? तेव्हा विसिंगने शब्द दिला होता. यंदा शेवटचं. यंदाही लोक ऑ म्हणाले तर पंख मोडून पुन्हा छत्र्या करीन आणि पंख्याखाली जाऊन बसेन. विसिंग दिला शब्द पाळते, हीच तर पंचाईत.

आणि सकाळपासून लक्षणं काही चांगली नव्हती. एका शिंगवाल्या राक्षसाने तिला रांगेत पुढे घातलं. ती तरातरा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, तर अख्खी रांग बाजूला झाली. दोन यंत्रमानवांनी तिच्यासाठी खुर्ची आणली. फोटो काढणारे म्हणत होते, लोला, जरा हसा ना. जो येई तो हात शोधत येई. दुपारपर्यंत तिचे खांदे भरून आले, कारण दोन्ही हात पाठीमागे धरून धरून ती दमली होती. आदर आहे, ती मनात म्हणत होती, मला कळतं की आदर आहे. पण आदराने उचलून माणसाला फडताळात ठेवून द्यायचं म्हणजे काय?

रिंगणाशी तिचं नाव पुकारलं गेलं. समोर आला डॅनरिक. गेल्या वर्षीचा विजेता, ताडमाड उंच, अंगावर सोनेरी चिलखत, हॉलचा लाडका. त्याला बघून शिट्ट्या वाजल्या. विसिंगला बघून हॉलचा आवाज आधीच मऊ पडायला लागला. पोरं मान वाकडी करून हसत होती. लिगाया रिंगणाजवळच्या पिवळ्या पट्टीवाल्यांच्या खुर्च्यांत टॉवेल घेऊन बसली होती.

डॅनरिक जवळ आला आणि शिरस्त्राण वर करून हळूच म्हणाला, "लोला, घाबरू नका. तुम्ही नुसती काठी हलवा, मी आपोआप बाहेर जातो. तुम्हीच जिंका."

पोराच्या मनात पाप नव्हतं. पण विसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हरण्याचासुद्धा मान नाही. हा आता पाय बाहेर टाकणार, हॉल ऑ म्हणणार, गळ्यात आणखी एक रेशमी चिंधी पडणार आणि उद्यापासून पंख्याखालची खुर्ची.

डॅनरिकने तलवार खाली टेकवली. मग हॉलला दिसेल असं तो गुडघ्यांत वाकला आणि मानो घेण्यासाठी त्याने हात पुढे केला. प्रेक्षकांनी श्वास घेतला. तो आवाज सगळ्यांच्या ओठांवर येऊन थांबलाच होता.

दिवसभर पाठीमागे असलेला हात विसिंगने पुढे केला. अगदी हळू, प्रेमळ आजीसारखा. डॅनरिकने डोळे मिटले आणि कपाळ तिच्या हाताला टेकवलं. आणि राणी उवाकने त्याच हाताने, अंगात होता नव्हता तो सगळा जोर लावून त्याला ढकललं.

गडी चिलखतासकट मागे कोलमडला आणि लाल पट्टीच्या पार पलीकडे बुडावर बसला.

हॉलचा विश्वास बसेना. मानो घेताना ढकललं? आशीर्वाद मागायला वाकलेल्या पोराला? असं कधी कोणी केलेलं नव्हतं. आमच्या सिनेमांतले खुनीसुद्धा असं करत नाहीत. सोहळ्याचा निवेदक तोंड उघडं टाकून उभा राहिला. एका म्हाताऱ्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी पहिली हुर्यो दिली. तिला दुसरी मिळाली, आणि मग सगळा हॉल उठला. पाय आपटत होते, फोमच्या तलवारी खुर्च्यांवर बडवत होते. लाज नाही का वाटत म्हातारे, असं कोणीतरी ओरडलं. खाली बसलेला डॅनरिक आधी गोंधळला, मग कानापर्यंत लाल झाला. "लबाड म्हातारी," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी ये तू. तुला बघूनच घेतो."

सकाळपासून त्या हॉलमध्ये समोरासमोर तिला तू म्हणणारा तो पहिला परका माणूस. विसिंगला भरून आलं. इतकं भरून की काजळ ओघळेल म्हणून तिने चोच वर केली. तिने पंख उघडले आणि ती रिंगणाच्या कडेकडेने फिरायला लागली, एकेका रांगेसमोर थांबून, नाकावर टिच्चून, त्यांची हुर्यो अंगावर घेत.

पिवळ्या पट्टीवाल्यांपाशी आली तेव्हा तिला एक आवाज वेगळा ऐकू आला. बाकीच्यांची हुर्यो शेवटी हसण्यात जात होती. ही जात नव्हती. लिगाया खुर्चीवर चढून उभी होती. टॉवेल आणि गोळ्या खाली पडल्या होत्या. दोन्ही तळवे तोंडाशी धरून ती ओरडत होती, मानेच्या शिरा ताणून, आणि तिचा चेहरा पाण्याने भिजलेला होता. आजीने तोंडावर हात दाबून जे आत ढकललं होतं, ते तीस वर्षं उलटून गेल्यावर आता बाहेर येत होतं. संतिणीवर कधी कोणाला रागावता आलंय? वीरांवर रागावता येतं? पण समोर आता संतीण नव्हती. समोर एक दुष्ट, लबाड, काळी कावळीण होती आणि तिच्यावर ओरडायला सगळ्या जगाची परवानगी होती.

विसिंगला कळलं. डोक्याआधी पोटाला कळलं. रिंगणाबाहेर जाऊन लेकीला पोटाशी धरावं असं तिला इतकं वाटलं की पाय पट्टीपर्यंत गेलासुद्धा. तिने मिठी मारली असती तर हॉल ऑ म्हणायला तयारच होता. आणि लिगायाने लगेच डोळे पुसले असते, आईचा हात कपाळाला लावला असता, आणि पुन्हा सगळं चर्चसारखं शांत झालं असतं.

तिने पाय मागे घेतला. त्या खुर्चीकडे तोंड करून ती ताठ उभी राहिली. छत्र्यांच्या काड्या कडाकडा वाजेपर्यंत तिने पंख फाकवले आणि हातातली काठी जमिनीवर आपटली.

"एवढंच?" ती लेकीला म्हणाली. "मला तर काही ऐकू आलं नाही."

लिगायाने पोटभर श्वास घेतला आणि पुन्हा ओरडली.