श्रीरंगरावांचे पासपोर्ट आणि मियाजिमाचं हरीण

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या श्रीरंगरावांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. गाडीला कुलूप लावलं तरी अर्ध्या वाटेवरून मागे येऊन दार ओढून बघायचे. १९८६च्या जानेवारीत त्यांच्या मोटार कंपनीने त्यांना कामासाठी हिरोशिमाला पाठवलं. बरोबर बायको, उत्तरा. सात वर्षांची दीपा आमच्याकडे राहिली. घरात सतत ग्रीन कार्डाचा जप ऐकलेली ती पोर निघताना रडायलाच लागली. "डॅडी, व्हॉट इफ दे डोन्ट लेट यू बॅक इन?"

"शुक्रवारी येतो, प्रॉमिस," श्रीरंगराव म्हणाले खरे, पण तिच्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले दिसत होते.

पुढचं मला उत्तराने सांगितलं, तेही हसून हसून डोळे पुसत.

रविवारी दोघं बोटीने हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर निघाली. पासपोर्ट आणि ग्रीन कार्डं हॉटेलात ठेवणं श्रीरंगरावांना शक्यच नव्हतं. त्यांनी ती कापडी पिशवीच्या तळाशी घातली आणि वर उत्तराने ट्रॉयहून आणलेल्या संक्रांतीच्या गूळपोळ्या रचल्या. खाण्याच्या पिशवीत चोर कशाला हात घालतोय, असा त्यांचा हिशेब. चोराचा हिशेब बरोबर होता, हरणाचा त्यांनी केलाच नव्हता.

बेटावर हरणं मोकळी हिंडत होती, आपल्याकडे देवळाच्या आवारात गाई हिंडतात तशी. भरतीच्या पाण्यात तिथल्या देवळाची प्रसिद्ध लाल कमान उभी होती, मागे हिरवे डोंगर. फोटो काढायला म्हणून श्रीरंगरावांनी जन्मात पहिल्यांदा पिशवी खाली ठेवली. एका हरणाने तीत तोंड खुपसलं आणि पिशवीसकट धूम ठोकली.

"अहो! अहो, ऐका तरी!" उत्तरा ओरडत होती. श्रीरंगरावांनी एरवी तरी तिचं कधी ऐकलं होतं? ते हरणामागे धावत सुटले. गाठलं तेव्हा पिशवी रिकामी आणि हरणाच्या तोंडात कागद. हा भला माणूस चक्क हरणाचा जबडा उघडायला लागला! शाळेची सहल आली होती, ती मुलं बघत उभी राहिली. हरणाने शांतपणे कागद गिळला.

श्रीरंगराव वाळूत मटकन बसले. "दीपाला काय सांगू गं?" म्हणाले आणि रडले.

उत्तरा धापा टाकत आली. कोटाच्या आतल्या खिशाची सेफ्टी पिन काढून तिने दोन्ही पासपोर्ट आणि कार्डं त्यांच्या मांडीवर ठेवली. "पोळ्यांचं तूप लागलं असतं म्हणून सकाळीच काढून घेतली. मघापासून हेच तर सांगतेय. त्याने पोळ्या गुंडाळलेला बटर पेपर खाल्ला."

ते चिडतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग पासपोर्ट उचलून परत तिच्याच हातात दिले. "लाव पिन," म्हणाले.

शुक्रवारी डेट्रॉइटच्या विमानतळावर मी दीपाला घेऊन गेले होते. दोघं बाहेर आल्याबरोबर ती बापाला बिलगली. "डॅडी, दे लेट यू इन!"

"छे गं," श्रीरंगराव म्हणाले, "आईने आणलं मला."