बसून बघायचं सरोवर

हांगझोऊला निघायच्या आदल्या आठवड्यात ऑफिसमधली माझी सहकारी खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "माझ्या वडिलांना भेटशील?"

जर्सी सिटीतल्या आमच्या ऑफिसात ती आणि मी कितीतरी वर्षं शेजारी बसतो. ती मूळची चीनमधल्या हांगझोऊची. माझं ग्रीन कार्ड नुकतंच आलं होतं, म्हणून तिथल्या टीमबरोबर आठवडाभर काम करायला कंपनीने मला पाठवायचं ठरवलं होतं. खरं तर जायला हवं होतं ते तिने. पण तिचं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं. देशाबाहेर पडलं तर परत येताना व्हिसाचा शिक्का कधी मिळेल, मिळेल की नाही, याची खात्री नाही. आणि इथे नवरा, शाळेत जाणारी मुलगी, घराचे हप्ते. आई गेल्यापासून तिचे वडील तिकडे एकटे होते, आणि तेव्हापासून ती घरी गेली नव्हती.

"काय बघून येऊ?" मी विचारलं.

"ते कसे चालतात ते. फोनवर विचारलं की म्हणतात, मी ठणठणीत आहे. पण हल्ली प्रत्येक फोटोत ते बसलेले असतात." मग म्हणाली, "आणि आल्यावर मला खरं सांग. गोड करून सांगू नकोस."

मी लगेच हो म्हटलं. चालणं बघायचं, त्यात काय अवघड, असं मला वाटलं.

माझं शिक्षण मेहकरला झालं. वडील एसटीच्या डेपोत हेल्पर, आई चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. शाळेची सहल म्हणजे लोणार. तिथलं खारं पाणी, काठावरची पडकी देवळं आणि डब्यातल्या पोळ्या, एवढं माझं प्रवासवर्णन. आमच्या वर्गात भारताचा नकाशा होता आणि त्याच्या वरच्या कडेला चीन म्हणजे एक पिवळा पट्टा होता. त्या पट्ट्यात कधी काळी पाय ठेवीन असं माझ्या गुरुजींना सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि मग बहुधा त्यांना आनंदही झाला असता. म्हणून त्या शनिवारी सकाळी हांगझोऊच्या पश्चिम सरोवराच्या काठावर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा मला गुरुजीच आठवले.

तिचे वडील आधीच येऊन बाकावर बसले होते. सडपातळ अंगाचे, पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा शर्ट. तेही शाळेत गणिताचे शिक्षक होते. त्यांनी बसल्या बसल्याच माझा हात धरला आणि मला शेजारी बसवलं. त्यांच्या फोनवर मुलीने भाषांतराचं अ‍ॅप घालून दिलं होतं, आणि त्यात तिने मुद्दाम मराठी निवडली होती. म्हातारबाबा चिनीत काहीतरी बोलले, आणि फोनमधून बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात शुद्ध मराठी आली: "आपण उशीर केला आहे. सरोवर पहाटेपासून आपली वाट पाहत आहे."

मी हसायला लागलो तसे तेही हसले. अमेरिकेत इतकी वर्षं मला कोणी "आपण" म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, "चुकलो, काका. हॉटेलात नाश्ता करत बसलो."

'काका' म्हणजे काय, हे त्यांनी परत परत विचारलं. वडिलांचा भाऊ, असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. "ठीक आहे. पगार न मिळणारे पद आहे, पण मी स्वीकारतो."

समोर सरोवर होतं. मी फोटो पाहिले होते, आणि फोटोत असतं तसं प्रत्यक्षात कधी नसतं याचीही मला सवय होती. इथे मात्र उलट झालं. तिन्ही बाजूंनी डोंगर, एकामागे एक, प्रत्येक मागचा डोंगर पुढच्यापेक्षा थोडा फिकट. पाणी शांत. दूर टेकडीवर एक मनोरा. काठावरच्या वाळुंजाच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या की वारा आला की पाण्यावर रेघा उठायच्या. आणि सगळीकडे एक गोड वास होता. तो कुठून येतो हे मला आधी कळेना. काकांनी वर बोट दाखवलं. एका साध्याशा झाडाला बकुळीहूनही बारीक पिवळी फुलं लागली होती. खाली फरशीवर त्यांचा सडा पडला होता, आणि झाडणारी बाई त्या झाडाखाली झाडू फिरवतच नव्हती.

मी उठायला लागलो. इतकं सगळं बघायचं होतं. काकांनी माझी बाही ओढली.

"सरोवर बसून पाहायचे असते," फोनमधली बाई म्हणाली. "चालणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो."

मला ते फार आवडलं. आम्ही मग तसंच केलं. एका बाकावर बसायचं, मनसोक्त बघायचं, मग पर्यटकांच्या विजेच्या गाडीत बसून पुढच्या बाकापाशी उतरायचं. सरोवराच्या मधून एक लांबच लांब बांध जातो. शेकडो वर्षांपूर्वी इथल्या एका अधिकाऱ्याने तळ्यातला गाळ उपसला आणि त्याच गाळाचा बांध घातला, असं काकांनी सांगितलं. त्यावर दगडी कमानींचे पूल आहेत. गाळातून काय उभं राहिलंय ते मी बघत राहिलो. आमच्याकडे तलावातला गाळ उपसला की काठावर ढीग पडतो आणि पुढच्या पावसात परत आत जातो.

मग नावेतून फिरलो. चहाच्या दुकानात काचेच्या उंच पेल्यात नुसती पानं आणि गरम पाणी आलं. पानं हळूहळू उभी राहून खाली गेली. "दूध कुठे आहे, हे विचारू नका," काकांनी आधीच बजावलं. "माझ्या जावयाने विचारले होते. तो अजून माझ्या मनातून उतरलेला आहे." कमळकाकडीच्या भोकांत चिकट भात भरून ती पाकात शिजवलेली होती. मी ती दोनदा मागून घेतली.

दुपारी टॅक्सीने देवळाकडे गेलो. तिथे एक डोंगर आहे, त्याचं नावच 'उडून आलेला डोंगर'. फार पूर्वी भारतातून आलेल्या एका भिक्खूंना तो बघून आपल्या देशातल्या डोंगराची आठवण झाली आणि ते म्हणाले, हा इकडे कधी उडून आला!

"इतकी शतके झाली, कोणी न्यायला आले नाही," काका म्हणाले. "आज आपण आला आहात. घेऊन जा."

"काका, बॅगेजचं लिमिट तेवीस किलो आहे."

ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. पण डोंगरापाशी ते आले नाहीत. कापराच्या मोठ्या झाडाखाली बाकावर बसले आणि म्हणाले, "मी पाहिले आहे. आपण जा."

मी एकटाच वर गेलो. खडकात जागोजागी बुद्धाच्या मूर्ती कोरलेल्या, काही हसऱ्या, काहींवर शेवाळ. आमच्या मेहकरपासून अजिंठा फार लांब नाही. खडकाला हात लावला आणि इतक्या दूर येऊन मला अगदी ओळखीचं काहीतरी हाताला लागलं असं वाटलं. शिक्षण मिळालं नसतं तर हा हात इथवर पोचला नसता, हेही वाटलं.

संध्याकाळी परत सरोवरावर आलो. मनोऱ्यावर दिवे लागत होते. निघायची वेळ झाली तेव्हा काका बाकावरच बसलेले होते, आणि मी जे आमच्याकडे कोणीही करील तेच केलं. वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

ते केवढ्याने दचकले. माझी काही वस्तू पडली असं त्यांना आधी वाटलं असावं. मग पाय मागे घेऊ लागले. पण तोवर माझी बोटं त्यांच्या घोट्यावर टेकली होती. पाय टम्म सुजलेले होते. बुटांच्या टाचा आत दाबून ते बूट चपलेसारखे घातलेले होते. मी बोट उचललं तिथे कातडीत खड्डा तसाच राहिला.

असा खड्डा मी पाहिला होता, माझ्या वडिलांच्या पायावर. त्यांचं हृदय थकलं होतं, आणि ते मला अमेरिकेत कोणी कळवलं नव्हतं. तिकडे उगाच काळजी नको म्हणून. एकदा सुटीत घरी गेलो, नमस्काराला वाकलो, तेव्हा कळलं. ते आता बरे आहेत, पण मला कळलं ते फार उशिरा.

काकांनी फोन तोंडाशी धरला. या वेळी हळू बोलले, पण फोनमधली बाई तशाच ठणठणीत आवाजात म्हणाली, "मुलीला सांगू नका. ती येईल आणि अडकेल. तिचे तिकडचे सर्व थांबेल. पाय माझे आहेत."

"डॉक्टरांना दाखवलंय?"

त्यांनी हात हलवला. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि त्यांना टॅक्सीत बसवून द्यायला सांगितलं. बाकापासून रस्त्यापर्यंतच्या त्या थोड्याशा अंतरात मी त्यांचं चालणं पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं. माझ्या दंडावर सगळा भार टाकून ते चालत होते. दिवसभर जे मला शहाणपण वाटलं होतं ते त्यांच्या पायांनी ठरवलेलं होतं. तरीही सरोवर त्यांनी मला दाखवलं तसंच बघावं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला फोन केला. ती नागपूरची, आडपडदा न ठेवणारी.

"तू काय डॉक्टर आहेस का?" ती म्हणाली.

"नाही. पण बघितलं ना मी."

"मग सांगून टाक यार! विचार कसला करतोस?"

"त्यांनी स्वतः नको म्हटलंय. ती आली आणि इथेच अडकली तर? तिची मुलगी तिकडे आहे."

ती म्हणाली, "बाबांच्या वेळी आईंनी मलाही असंच सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि तुला कळल्यावर तू माझ्याशी किती दिवस धड बोलला नाहीस? जायचं की नाही ते तिला ठरवू दे ना. तू कोण ठरवणारा?"

सोमवारी जर्सी सिटीत मी पोचायच्या आधीच ती ऑफिसात येऊन बसली होती. आम्ही डबे घेऊन नदीकाठी गेलो. मी आधी सरोवराबद्दल बोललो. डोंगर, ती बारीक फुलं, कमळकाकडी, जावयाचं दूध. ती हसत होती, पण खात नव्हती.

"आणि चालतात कसे?"

"आधार लागतो," मी म्हटलं. "पाय सुजलेत. खूप. बोट दाबलं की खड्डा पडतो. तुला सांगू नकोस म्हणाले."

"एक की दोन्ही?"

"दोन्ही."

तिने डब्याला झाकण लावलं. म्हणाली, "नवऱ्याला फोन करते," आणि उठून गेली.

त्याच आठवड्यात ती हांगझोऊला गेली. व्हिसाची तारीख अजून मिळालेली नाही. ती तिथून काम करते, तिच्या रात्री, आमच्या दिवसा. मुलीला कधी कधी आम्ही शाळेतून आणतो. काकांच्या हृदयाची झडप बिघडली होती, ऑपरेशन झालं. परवा मीटिंग संपल्यावर तिने कॅमेरा वळवला. काका उशीला टेकून बसले होते, मांडीवर फोन.

"मी अनेक वर्षे शिकवले," फोनमधली बाई म्हणाली. "प्रत्येक वर्गात शिक्षकांना जाऊन सांगणारा एक मुलगा असायचा. भारतातही असतात, हे मला माहीत नव्हते."

"काका, रागावलात का?"

"रागावलो आहे." त्यांनी मुलीकडे बघितलं. ती मागे उभी राहून त्यांच्यासाठी फळ सोलत होती. "पण ती घरी आहे," ते म्हणाले. ते शब्द त्यांनी दोनदा म्हटले, आणि यंत्राने एकदाच सांगितले.