वसतिगृहांची ओळ

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या तालुक्यातल्या वसतिगृहाच्या बाईंचे. दहावीनंतर वडील मला वीटभट्टीवर नेणार होते. बाई भट्टीवर येऊन बसल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला.

पुढे न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. गरीब देशांना मदत करणारी एक देणगीदार संस्था आम्हाला विचारायची, लसी, पाणी, शाळा, रस्ते, यांपैकी कुठे पैसा घातला तर लोकांचं जास्त भलं होईल? आम्ही खर्च आणि फायदा मांडून क्रम लावायचो. या कामाचा मला अभिमान होता.

एका वर्षी देणगीदारांनी कळवलं, की यादीच्या खालच्या अर्ध्या भागाची मदत थांबेल. वसतिगृहं तळाशी होती. बाईंचं वसतिगृह त्याच मदतीवर चालायचं.

मी हिशेब उघडून पाहिला. फायदा त्याच तालुक्यात दिसला पाहिजे, असा नियम होता. शिकून गाव सोडलेल्यांची कमाई त्यात धरलीच नव्हती. म्हणजे बाईंच्या खात्यात मी शून्य होतो.

सकाळच्या चहाला सगळे स्कोन, म्हणजे तिकडचे छोटे गोडसर पाव, खात उभे होते. मी साहेबांना म्हणालो, "हा नियम चुकतोय. मी स्वतः अशाच वसतिगृहात वाढलोय. आमच्या बाई अजून ते चालवतात."

साहेबांनी कप खाली ठेवला. "बरं झालं सांगितलंस," ते मायेनं म्हणाले. "तुझा स्वतःचा संबंध आहे, तर आता यादीतल्या त्या ओळीला तू हात लावायचा नाहीस."

पुण्याची सहकारी मला जिन्यात गाठून म्हणाली, "अरे शहाण्या, नियम चुकलाय एवढंच म्हणायचं! बाईंना कशाला मध्ये आणलंस?"

"मग काय, लपवायचं?"

"गप्प बसायचं रे. तेवढंही जमत नाही तुला?"

दुपारपासून ती फाइल मला उघडेना. ज्याच्याकडे ती गेली, त्याला नियम बदलायचं कारण दिसलं नाही. यादी तशीच रवाना झाली. संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी थांबले, खांद्यावर हात ठेवून "स्वीट अ‍ॅज", म्हणजे तिकडच्या बोलीत 'सगळं मस्त', असं म्हणाले आणि घरी गेले.

मी बाईंना लिहिलं:

ती. बाईंना सा. न.

जूनमध्ये नव्या मुलांना हो म्हणण्याआधी हे वाचा. मदत बहुतेक बंद होईल. मला ते अडवता आलं नाही. ठरवणारी माणसं वाईट नाहीत, म्हणून तर जास्त भीती वाटते. मी दर महिन्याला पैसे पाठवीन, पण तेवढ्यात सगळी मुलं राहणार नाहीत. कोणाला ठेवायचं, ते तुम्हाला ठरवावं लागेल. ते कसं ठरवायचं, हे कृपा करून मला विचारू नका.

आपला विद्यार्थी