अण्णांच्या बातम्यांची लाल पट्टी

स्क्रीनवाल्याला चिडायला फार काही लागत नसे. गिऱ्हाईक त्याच्या टीव्हीदुरुस्तीच्या दुकानात येऊन "टीव्हीवर डाग पडलाय, जरा पुसून द्या" म्हणालं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुसायचं काय, डोंबल! डाग काचेवर नसतोच, आत असतो. एकच चित्र एकाच जागी दिवसभर झळकत ठेवलं की पडद्यातले तिथले उजेडाचे ठिपके बाकीच्यांच्या आधी म्हातारे होतात. मग चित्र बदललं तरी जुन्याची सावली मुक्काम हलवत नाही. दवाखान्यातल्या टीव्हीवर नंबरांची चौकट बसली होती, व्यायामशाळेतल्या टीव्हीवर घड्याळ. तो सगळ्यांना तेच ते सांगे. उजेड कमी ठेवा, चॅनेल बदलत राहा, कोणी बघत नसेल तर बंद करा. आणि बंद करायचा तो रिमोटने, भिंतीवरचं बटण दाबून नाही, कारण आपण बंद केल्यावरच तो आतल्या आत स्वतःची डागडुजी करतो, आणि त्यासाठी त्याला वीज लागते. लोक मान डोलवत आणि घरी जाऊन नेमकं उलट करत.

ही झाली परकी माणसं, त्यांच्यावर ओरडता तरी येतं. पंचाईत होती ती आईवडिलांच्या घरी. पलीकडच्याच गल्लीत ते दोघं राहत, आणि तिथला मोठा, भारीतला टीव्ही त्यानेच हौसेने आणून भिंतीवर लावला होता. आणला होता आईसाठी. तिला हल्ली ऐकूच येत नसे. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते कपाटात टाकून दिलं होतं. शेजारणी बोलायला येत, दोन वाक्यं मोठ्याने बोलून दमत आणि निघून जात. दुपारी सिनेमा लावायचा आणि खाली उमटणारे संवाद वाचायचे, एवढंच काय ते तिचं जगाशी बोलणं उरलं होतं.

बाकी सगळा वेळ टीव्ही अण्णांचा. सकाळच्या चहापासून एकच बातम्यांचं चॅनेल, खाली तीच लालभडक पट्टी, आणि उजेड पूर्ण वाढवलेला. अण्णा खुर्चीत घोरत असले तरी टीव्ही बंद करायची सोय नव्हती.

"अरे, बघतोय ना मी!" ते डोळे न उघडताच ओरडत.

व्हायचं तेच झालं. पट्टीची सावली पडद्यात मुरली, आणि तीही बरोबर सिनेमाचे संवाद येतात त्या जागी. त्या मळकट लालसर पट्ट्यात पांढरी अक्षरं बुडून जात. आईने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, शेवटी पडद्याला नाक लावून उभी राहिली. मग तिने वाचायचा नाद सोडला आणि अण्णांना विचारायला सुरुवात केली.

"अहो, काय म्हणाला तो?"

अण्णांना मग टीव्हीकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड करून, ओठ मोठे हलवत आणि हातवारे करत सगळं सांगावं लागे. सांगण्यात त्यांचा हात फारच आखडता.

"ती एवढं घडाघडा बोलली आणि तुम्ही म्हणताय 'जाते'? बस?" आई वैतागायची.

"सार तेवढंच होतं!" अण्णा त्याहून वैतागायचे. आणि मुलगा दिसला की त्याच्यावर घसरायचे. "गावाचे टीव्ही दुरुस्त करतोस आणि आईचा तेवढा होत नाही? मी काय दुभाष्या आहे? जबडा दुखतो माझा."

स्क्रीनवाला जिद्दीला पेटला. त्याने उजेड कमी केला, अण्णांनी वाढवला. त्याने पडद्यावर रंग पालटत राहणारी चित्रफीत लावून ठेवली, अण्णांनी बातम्या लावल्या. त्याने टीव्हीची आतली साफसफाई सुरू केली. रिमोटने बंद करून रात्रभर तसाच ठेवला की ती आपोआप होते. सकाळी येऊन पाहिलं तर पट्टी जागच्या जागी. पुन्हा केली, पुन्हा तेच. टीव्ही बनवणाऱ्यांना त्याने मनातल्या मनात लाखोली वाहिली.

एका सकाळी तो जरा लवकर आला आणि टीव्हीखालचा बारीक लाल दिवाच लागलेला दिसला नाही. भिंतीवरचं बटण बंद होतं.

"हे कोणी बंद केलं?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. त्याने बटणाकडे बोट दाखवल्यावर तिचा चेहरा अभिमानाने फुलला. "मीच करते की! गॅस, नळ आणि हे. रोज. तो लाल दिवा तसाच जळत राहतो रे, तुमच्या कोणाच्या लक्षातच येत नाही."

त्याने कपाळावर हात मारून घेतला. गल्लीभर ज्याच्यावरून लोकांना झापलं, ते त्याच्याच आईच्या हातून रोज रात्री न चुकता होत होतं. ओरडावं तर तिला ऐकू येणार नाही, आणि ऐकू न येणाऱ्या माणसावर ओरडण्याइतकं केविलवाणं दुसरं काही नसतं. त्याने कागदावर ठळक अक्षरांत 'हात लावू नये' लिहिलं आणि बटणावर चिकटवलं. आई रुसली, पण तिने ते पाळलं.

सावली थोडी फिकी झाली. थोडीच. झिजलेले ठिपके काही पुन्हा तरुण होत नाहीत, हे तोच लोकांना सांगायचा, आणि आता ते स्वतःलाच सांगायची पाळी आली होती. आईला अजूनही वाचता येत नव्हतं. त्याला स्वतःचा, अण्णांचा, त्या पट्टीचा, सगळ्यांचा संताप आला. त्या संतापातच तो रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरला आणि खालचे संवाद उचलून त्याने पडद्याच्या वरच्या कडेला नेऊन ठेवले. इतकी साधी गोष्ट. पण दुरुस्ती करणाऱ्याला आधी दुरुस्तीच सुचते, त्याला तो काय करणार!

दुपारी सिनेमा लागला. आई मान वर करून वाचू लागली आणि एकदम ओरडली, "अगं बाई! हा हिचा भाऊ आहे होय? आणि हे मला इतके दिवस दीर म्हणून सांगत होते!"

अण्णा म्हणाले, "सगळ्यांची कपाळं झाकली गेली." पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात अण्णा दुकानात आले. ते आजवर कधी इथवर चालत आले नव्हते. काउंटरला टेकून त्यांनी दम खाल्ला आणि उघडून ठेवलेल्या टीव्हीकडे बघत राहिले.

"ती अक्षरं," ते म्हणाले, "परत खाली नेता येतील का?"

स्क्रीनवाल्याच्या हातातला पेचकस थांबला. "अण्णा! जबडा दुखतो म्हणून माझं डोकं कोणी खाल्लं होतं? आता आई सगळं वाचतेय, आपली आपण हसतेय, तर तुम्हाला काय झालं?"

"हसते ना. छान हसते." अण्णांनी घसा खाकरला. "पण आता ती माझ्याकडे बघतच नाही रे."