पिवळ्या दिव्यावरचा गणपती

त्या सकाळी मी गणपतीला जे बोलले, ते वैऱ्यालाही बोलू नये. कळंबोलीला लोखंड बाजारासमोर गाडी बंद पडलेली, मागच्या सीटवर आई, आणि मुंबईच्या इस्पितळात तिच्या किरणांच्या उपचाराची वेळ टळत चाललेली. एकही खेप चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बसचे धक्के तिला सोसत नव्हते. म्हणून तर भावाची जुनी इम्पोर्टेड गाडी मी पनवेलला आणली होती, आणि ती रोज माझा अंत पाहत होती.

खरं तर राग सुरू झाला तो आईपासून. छातीतली गाठ तिने वर्षभर लपवली. का, तर म्हणे, "तू उगाच चिडली असतीस." चिडणारच! आधी कळलं असतं तर... हे वाक्य मी तिच्यासमोर कधी पुरं केलं नाही, पण रोज दात-ओठ खात गाडी चालवली.

त्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटू लागला. इंजिन उशिरा सुरू व्हायचं, चढावर धापा टाकायचं. गॅरेजवाल्याने एक वायर जोडली, दिव्याची उघडझाप मोजली, पुस्तकात पाहिलं आणि निकाल दिला, "इंजिनातल्या कॅमशाफ्टचा सेन्सर गेलाय." बदलला. दिवा परत आला. पुन्हा बदलला, पुन्हा आला. मग त्याने हात झटकले. "मॅडम, या गाड्यांचे सेन्सर खोटंच बोलतात. लक्ष देऊ नका." मी गॅरेज डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर आईने त्या दिव्यावर पालीच्या गणपतीचं चित्र चिकटवलेलं. म्हणाली, "तो दिवा दिसला की तू उगाच चिडतेस." देवाचं चित्र काढणार कसं? राहू दिलं.

आणि आता हे. किल्ली फिरवून फिरवून हात दुखला, तसं मी ते चित्र ओरबाडून काढलं. "इथे काय शोभेला बसवलंय तुला? एवढी एक गाडी चालवता येईना?" मागून आई म्हणाली, "अगं, देवाला असं बोलू नये." मी तिच्यावरही खेकसले.

तेवढ्यात खिडकीशी एक गृहस्थ वाकले. पांढरा झब्बा, गळ्यात जाड सोनसाखळी. मागे अगदी तश्शीच गाडी उभी, आणि तीत त्यांची बायको हळदीचं ताट मांडीवर घेऊन बसलेली. जवळच्याच विचुंबे गावची माणसं, पुतणीच्या हळदीला बेलपाड्याला निघालेली. दिव्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "कॅमशाफ्टचा हाय ना?"

"दोनदा सेन्सर बदललाय. मला शिकवू नका," मी ताडकन म्हटलं.

ते माझ्याहून तापले. "आमी तीनदा बदलला! त्या सेन्सरचा काय चुकला? वरचा शाफ्ट आन् खालचा शाफ्ट टायमाला जुळत नाय, येवढाच तो सांगतंय. दोनी शाफ्ट फिरवनारा पट्टा सरकलाय आतमदी. सांगनाराच बदलून काय व्हनार?" मग आईकडे नजर गेली आणि त्यांचा आवाज उतरला. "ताई, आईला घेऊन आमचे गारीत बस. हळद काय पलून जात नाय."

त्यांच्या बायकोने ताट पायाशी ठेवलं आणि आईचं डोकं खांद्यावर घेतलं. त्यांनी आम्हाला थेट इस्पितळात पोहोचवलं; उपचार चुकला नाही. पुढे त्यांच्याच ओळखीच्या गॅरेजात गाडी उघडली. पट्टा खरोखरच एक दात सरकलेला होता. तो नीट बसवला आणि दिवा विझला.

हा चमत्कार होता का, यावर मी वाद घालत नाही. तेच दुखणं भोगलेला माणूस नेमका त्याच घटकेला का यावा, मला ठाऊक नाही. पण मी हात जोडले होते तेव्हा नव्हे, शिव्या घालत होते तेव्हा तो आला, एवढं खरं.

चुरगळलेलं चित्र आईने पदरावर सरळ केलं होतं. मी ते दिव्याच्या बाजूला लावलं. "आई, आता दिवा झाकायचा नाही." इस्पितळाच्या वाटेवर ती मागून हळूच म्हणाली, "काखेत दुखतंय गं. बरेच दिवस झाले."

चिडून ओरडायला मी तोंड उघडलं. समोर गणपती, शेजारी विझलेला दिवा. सांगणाऱ्यावर किती दिवस चिडणार होते मी?

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. गजानना, हे शब्द माझे नव्हते.