उलटी फीत

जिंतूरच्या बाजारात आश्रुबा शिंप्याला सगळे ‘मिसरवाला’ म्हणत. मानानं नव्हे, चेष्टेनं. महायुद्धात निजामाच्या रिसाल्याबरोबर आपण दर्जी म्हणून मिसरला गेलो, सुवेजच्या कालव्यावर पाच वर्षं काढली, असं तो सांगे आणि ऐकणारे एकमेकांना डोळे मारत. त्याच्याजवळ ना कागद, ना बिल्ला. सदरा शिवायला टाकताना लोक बजावत, “बाबा, उंटाचं माप धरू नको.” आश्रुबा सुई दातात धरून माप घेई. अठरा वर्षं त्यानं हे ऐकून घेतलं.

हाताला मात्र कुणी नाव ठेवलं नव्हतं. वाकडी शिवण त्याच्या दुकानातून बाहेर पडतच नसे. कुठलाही कपडा हाती घेतला की नामदेवाचं नाव घेऊन पहिला टाका हळदीत बुडवलेल्या दोऱ्यानं घालायचा, ही त्याच्या बापाची रीत. तो पिवळा टाका शिवणीच्या पोटात जाई. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नसे.

१९३८ साली कचेरीतला कारकून उद्धव त्याच्या दुकानाची पायरी चढला, तो कपडे शिवायला नव्हे. उद्धवचे वडील दिनकरराव रिसालदार होते. नोकरी निजामाच्या रिसाल्यात, हैदराबादेत झाली आणि तिथंच ते गेल्या वर्षी वारले. आई मनकर्णाबाई त्यांचा खाकी कोट घेऊन लेकाकडे जिंतूरला आली. उद्धवनं तो मोठ्या अभिमानानं बैठकीत खुंटीला लावला. डाव्या छातीवर बिल्ल्यांच्या तीन रंगीत फिती होत्या. कचेरीतले पेशकार अप्पाराव एकदा चहाला आले आणि त्यांची नजर नेमकी तिथं गेली. त्यांचा मेहुणा फौजेत होता, त्यामुळे फौजेतलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. दुर्दैवानं यावेळी त्यांना खरंच कळत होतं.

“पहिली फीत उलटी हाय की रे,” ते म्हणाले. “तांबडी कड गुंड्यांकडं पायजे, ही हाताकडं हाय. लढाईवर गेलेला माणूस असली चूक करंल का? हैदराबादच्या जुन्या बाजारात असल्या फिती टोपलीनं मिळत्यात.”

आठवड्यात ही गोष्ट कचेरीभर झाली. उद्धव आला की कुणीतरी टाच आपटून सलाम ठोके. दाखवायला पुरावाही उरला नव्हता. कागद वाळवीनं खाल्ले होते, चांदीचा बिल्ला मोडून बहिणीच्या लग्नात जोडवी केली होती आणि बाकीचे दोन कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाप लढाईवर गेला होता की नाही, एवढ्या एका प्रश्नानं उद्धवला अन्न गोड लागेना. तिला दुखवायला नको म्हणून आईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. शेवटी ज्या माणसाला तोही इतकी वर्षं हसत आला होता, त्याचीच त्याला आठवण झाली.

जुम्म्याच्या सुट्टीला आश्रुबा उद्धवकडे आला. उद्धवनं अप्पारावांनाही मुद्दाम बोलावलं होतं. आश्रुबानं हात धुतले आणि कोट दारातल्या उजेडात नेला. उन्हानं फिती विटल्या होत्या. त्यानं नखानं कडा उचलून आतले रंग पाहिले.

“ही मधी नारिंगी, बाजूला पांढरी, काळी, निळी. ही म्हायुद्धाची. ही इंद्रधनुष्यावानी हाय, ती जितल्याची. अन् ही तांबडी, पांढरी, निळी एकमेकीत मिसळल्याली. चौदा-पंधरा साली जे लढाईवर गेल्ते, त्यास्नीच ही.”

“अन् उलटी हाय,” अप्पाराव म्हणाले.

चूक आश्रुबानं हैदराबादच्या कुणा दर्ज्याच्या माथी मारली असती तर भागलं असतं. दुकानाचं नावही राहिलं असतं. त्यानं कात्री मागितली, पहिल्या फितीच्या कडेचे दोन टाके कापले आणि कोट अप्पारावांच्या पुढ्यात धरला. फितीखाली एक पिवळा टाका होता. फिकट, पण पिवळाच.

“ह्यो हळदीचा टाका माजा. चूक रिसालदारसायबाची न्हाई. माजी हाय.”

मग त्यानं सांगितलं. फिती कालव्यावरच्या छावणीत आल्या, दुसऱ्या दिवशी परेड होती, आणि त्याच दुपारी टपाल आलं. त्याला वाचता येत नव्हतं. पत्र दिनकररावांनी वाचून दाखवलं. गावात मानमोडीची साथ आली होती आणि त्याची बायको कडूबाई जाऊन तीन महिने झाले होते.

“तंबूत जाऊन कोटांवर फिती शिवीत बसलो. कंचा कसा शिवला, ठावं न्हाई. चार कोटांवर ही फीत उलटी बसली. दुसऱ्या दिशी तीन उसवून सरळ केले. ह्यो तेवढा सायबानं दिला न्हाई. मला वाटलं, माज्यावर लय नाराज झाले.”

आतल्या दाराशी मनकर्णाबाई कधीची उभी होती.

“नाराज न्हवते, दादा,” ती म्हणाली. “ह्या कोटापायी परेडीत बोलणी खाल्ली त्यांनी. मी एकदा उसवायला बसले, तर हातातून काढून घेतला. म्हणाले, त्याची बायको गेल्याचं मीच त्याला वाचून दाखवलं, त्या दिवसाची शिवण हाय ती, ऱ्हाऊ दे. तुमचं नाव त्यांनी कधी सांगितलं न्हाई. आपल्याकडला दर्जी व्हता, एवढंच म्हणायचे.”

अप्पारावांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आश्रुबाला मात्र आता ते बैठकीत आहेत याचंही भान नव्हतं. कुणी विश्वास ठेवावा म्हणून त्यानं अठरा वर्षं वाट पाहिली होती, आणि एक माणूस त्याचं दुःख छातीवर लावून फिरत होता, हे त्याला आज कळत होतं. त्याला रडू आलं.

“आता सरळ करून देता का?” उद्धवनं हलकेच विचारलं.

आश्रुबानं डोळे पुसले आणि पागोट्यातली सुई काढली.

“बाई, चिमूटभर हळद द्या,” तो म्हणाला.

दोरा त्यानं हळदीतून ओढला, नामदेवाचं नाव घेतलं आणि उसवलेली कड होती तशीच शिवली. निळी गुंड्यांकडं, तांबडी हाताकडं.